नवं मशीन येईपर्यंत

"हं आप्पा, आता बोला. जरा जवळ या."

"काय बोलू?"

"स्क्रीनवर वाक्य आलंय बघा, ते वाचा."

आप्पांनी चष्मा सारखा केला, मान थोडी मागं घेतली आणि वाचलं, "आज आकाश निरभ्र आहे." मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "खोटं बोलायला लावतोस की लेका. बाहेर आभाळ भरून आलंय."

मी हसले. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली आईपण हसली. संमेद, माझा थोरला भाऊ, हसला नाही. त्याच्या मांडीवरच्या जुन्या लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला होता आणि स्क्रीनवर एक निळं कडं गोल गोल फिरत होतं. आम्ही सगळे त्या कड्याकडं बघत बसलो.

"चहा टाकायचा का त्याला?" आप्पांनी विचारलं. "दमलेलं दिसतंय."

"थांबा की जरा. विचार करतंय ते."

"एका वाक्याचा एवढा विचार? मग माझ्यासारख्या बडबड्याचं कसं व्हायचं?"

कडं फिरता फिरता थांबलं. स्क्रीन काळी झाली. संमेदनं बटण दाबलं, झाकण मिटलं, उघडलं, शेवटी लॅपटॉप उचलून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "ह्याच्यानं होणार नाही. नवा घ्यावा लागेल."

"मग घे," मी म्हणाले.

"आत्ता नाही. दोन महिने थांबायचं. नवी चिप येतीय. हे सगळं काम ती घरच्या घरी, मिनिटांत करणार आहे. आत्ता घेतला तर दिवाळीला कपाळावर हात मारून घ्यायची वेळ येईल."

ते श्रावणातले दिवस होते. मी बाळंतपणासाठी सांगलीला माहेरी आले होते, सातवा लागला होता. संमेद पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, सुट्टीला आला होता. आणि आप्पांची जीभ जड व्हायला लागली होती.

चेतातंतूंचा आजार होता. नाव लांबलचक, इंग्रजी. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं, पण घरात ते कुणी उच्चारत नव्हतं. आधी जीभ, मग घसा, मग आवाज जाणार, आणि त्यानंतर बाकीचं सगळं. औषध नव्हतं. मिरजेच्या दवाखान्यात वाचेचे व्यायाम करून घेणाऱ्या दिवाण मॅडम होत्या. आप्पांना घेऊन आई त्यांच्याकडं जायची. मला डॉक्टरांनी प्रवास मना केला होता, त्यामुळं मी कधी गेले नव्हते. त्या मॅडमनीच सांगितलं होतं की आवाज आहे तोवर तो साठवून ठेवता येतो. माणसानं पुष्कळ वाक्यं वाचायची, ती ऐकून ऐकून कॉम्प्युटर त्याचा आवाज शिकतो. पुढं बोलणं बंद झालं की त्या माणसानं नुसतं टाइप करायचं. कॉम्प्युटर त्याच्याच आवाजात बोलतो.

"मोठा कॉम्प्युटर लागेल म्हणाल्या," आईनं मिरजेहून आल्यावर सांगितलं होतं.

आप्पांचा आवाज म्हणजे काय होतं, हे सांगलीच्या मार्केट यार्डात कुणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं. हळदीच्या सौद्यात ते बोली पुकारायचे. एका ढिगाकडून दुसऱ्या ढिगाकडं व्यापाऱ्यांचा घोळका सरकायचा आणि त्या सगळ्या गलक्यावर आप्पांचा आवाज असायचा. ओरडायचे नाहीत ते. गळा नुसता मोकळा सोडायचे, गायला बसल्यासारखा. संध्याकाळी घरी आले की अंगाला, कपड्यांना, बोलण्यालासुद्धा हळदीचा वास यायचा असं मला लहानपणी वाटायचं. ताटात शेवटचा पेढा उरला की त्याचा सौदा व्हायचा. मी एक पापी बोलायची, संमेद पाय चेपायचं बोलायचा, आई म्हणायची "मी सकाळपासून भांडी घासतीय, ते धरा माझ्या नावावर," आणि पेढा आईला जायचा.

हा आवाज कुणी कधी टेप केला नव्हता. रोजचा सौदा कोण टेप करतं? लग्नाकार्यात आप्पा कॅमेरा धरून पलीकडं उभे असायचे, त्यामुळं व्हिडिओत त्यांचं "हं, हसा" एवढंच.

"तुम्ही सांगा आप्पा," मी म्हणाले. "थांबायचं का आत्ताच घ्यायचा? आवाज तुमचा आहे."

आप्पा एकदा आईकडं बघून घेतल्यासारखं करून म्हणाले, "नवा माल यार्डात यायचा आहे म्हटल्यावर जुन्यावर बोली कोण लावतंय? संमेद म्हणतोय तर थांबू की. घाई कुणाला आहे?"

"तुम्हाला," मी म्हणाले.

"मी कुठं चाललोय?" असं म्हणून ते कपबशी उचलून उठले. "गाडीच नाही अजून."

ठरलं मग. थांबायचं.

---

सगळ्यात आधी "ळ" गेला. एका सकाळी दारात भाजीवाली आली, आणि आप्पांनी तिच्याकडं ओली हळद मागितली. तिला समजलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. तिनं आलं पुढं केलं. आप्पांनी हसत आलं घेतलं, पैसे दिले आणि आत येऊन ते ओट्यावर ठेवलं.

"आलं कशाला आणलं?" आई म्हणाली. "घरात आहे की ढीगभर."

"असू दे," आप्पा म्हणाले. त्या दिवशी ते फारसं बोलले नाहीत.

मी दुपारी संमेदला फोन केला. "दादा, घे आता जो मिळतोय तो. रोज काहीतरी कमी होतंय."

"तिशे, ऐक माझं." माझं नाव त्रिशला, घरात तिशू, आणि लाडात किंवा रागात तिशे. "घाईघाईनं साधं मशीन घेतलं आणि आवाज पत्र्यासारखा आला तर? आयुष्यभर ते ऐकत बसायचं? मी रोज बघतोय. नव्याचं बुकिंग सुरू होतंय. पहिल्या लॉटमध्ये नाव लावलंय मी."

"तोवर मी मोबाइलवर घेते त्यांचं बोलणं."

"मोबाइलचं रेकॉर्डिंग काही कामाचं नाही. चांगला माइक, चांगलं मशीन, एकदाच बसायचं आणि सगळं स्वच्छ करायचं. त्यांना उगाच दोन-दोनदा दमवू नको."

तो माझ्यापेक्षा शिकलेला होता, त्या विषयातला होता, आणि त्याचं आप्पांवर प्रेम माझ्याइतकंच होतं. मी फोन ठेवला. तरी मन राहीना. एक दिवस जेवणं झाल्यावर मी मोबाइल चालू करून टेबलावर नॅपकिनखाली ठेवला आणि म्हणाले, "आप्पा, तुम्ही आईला बघायला गेला होता ते सांगा की."

"किती वेळा सांगू?" म्हणत त्यांनी पाय वर घेतले, म्हणजे सांगणार होते. "तर आम्ही कुंभोजला गेलो. तुझ्या आज्यानं आधीच दम दिला होता, की पोरीकडं टक लावून बघायचं नाही. मी खाली बघत बसलो. आणि चहा आला तो…"

स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला. शेंगदाण्याची चटणी. चांगला दहा मिनिटं चालला असेल. आप्पांनी पुढची गोष्ट हातवारे करून सांगितली आणि आम्ही हसून घेतलं. रात्री ते रेकॉर्डिंग लावलं, तर सगळा मिक्सरच.

दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा आईनं टीव्ही लावला. तिसऱ्यांदा ती आत आली आणि म्हणाली, "त्यांना जरा पडू दे. घसा दुखतो त्यांचा." मी चिडले. "आई, तुला काही कळतं का? मी कशासाठी करतीय हे?" तिनं आप्पांच्या खांद्यावरचा टॉवेल नीट केला आणि आत गेली.

संमेदचा फोन आला की नवं मशीन दुकानात लागलंय, शनिवारी आणतो. मी उडीच मारली असती, पोट नसतं तर. आई म्हणाली, "आत्ता कुठं? पितृपाठ चालू आहे."

"आई, आपण जैन आहोत," संमेद स्पीकरवरनं म्हणाला. "आपल्याला पितृपाठ कधीपासून लागला?"

"दुकानदाराला आहे ना. त्याच्या हातून वस्तू यायची. दसऱ्याला आण. चांगल्या मुहूर्तावर येऊ दे घरात."

"आप्पा, तुम्ही सांगा हिला."

आप्पा बराच वेळ फोनकडं बघत राहिले. आता एकेक शब्द ते निवडून घ्यायचे, सोपा असेल तोच. "दसरा," ते म्हणाले. तेवढंच.

---

दसऱ्याला संमेद पहाटेच पुण्याहून निघाला आणि फराळाच्या वेळेला पोचला. खोका घेऊन आत आला तो नवरीला आणल्यासारखा. आईनं उंबऱ्यातच त्याच्यावरनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. देवघरापुढं पाट मांडला, खोक्यातनं लॅपटॉप काढून पाटावर ठेवला आणि हळदीकुंकवाचं बोट पुढं केलं.

"आई! आत जाईल ते!"

"झाकणाला लावतीय. तुझ्या मशीनच्या पोटात जात नाही माझं कुंकू."

झेंडूचं फूल ठेवलं. मी फोटो काढला. त्या फोटोत सगळे हसताहेत.

आप्पा आतल्या खोलीत गेले होते. बाहेर आले तेव्हा पांढरा सदरा, पांढरी टोपी. सौद्याला जाताना घालायचे तसं. यार्डात जायचं बंद झाल्यापासून ती टोपी ट्रंकेत होती. तोंडातनं लाळ गळायला लागली होती तेव्हा, म्हणून हातात रुमाल. आम्ही पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, घड्याळसुद्धा काढून कपाटात ठेवलं. संमेदनं आप्पांच्या तोंडासमोर माइक ठेवला. वाक्य आलं. आज आकाश निरभ्र आहे.

आप्पांनी श्वास घेतला. सौद्याआधी घ्यायचे तसा, छाती भरून. आणि वाचलं.

जे बाहेर आलं त्यात स्वर होते. आ, आ, इ, आ, ए. मधली सगळी अक्षरं गेली होती. आम्हाला वाक्य माहीत होतं म्हणून ते वाक्य वाटलं.

स्क्रीनवर लगेच ओळ उमटली, "स्पष्ट ऐकू आले नाही. कृपया पुन्हा वाचा."

आप्पांनी पुन्हा वाचलं. ओळ पुन्हा आली. मशीन खरंच वेगवान होतं. जुन्यासारखं विचार करत बसलं नाही, निळं कडं फिरलंच नाही. आप्पांचं वाक्य संपतंय तोवर ते नापास करून मोकळं व्हायचं.

"माइक जरा जवळ घेऊ या," संमेद म्हणाला.

पुन्हा वाचा.

"दुसरं वाक्य घेऊ. हे अवघड आहे."

पुन्हा वाचा.

"थोडं सावकाश, आप्पा. एकेक शब्द."

आप्पा सावकाश वाचत राहिले. कपाळावर घाम आला. टोपीची कड ओली झाली. ते थांबत नव्हते, लहान मूल मास्तरांपुढं उभं राहिल्यासारखे त्याच त्या वाक्यावर जीभ उचलत होते, आणि जीभ उचलत नव्हती. शेवटी मीच हात लांब करून माइक खाली ठेवला.

मग संमेद म्हणाला, "मशीन भारी आहे पण. फारच फास्ट आहे." तो उठून मोरीत गेला आणि नळ सोडून तोंड धूत राहिला. किती तरी वेळ नळ वाहत होता. आप्पा उठले, मागं जाऊन उभे राहिले आणि त्याच्या पाठीवरनं हात फिरवायला लागले. संमेदला वाटलं मी आहे. "तिशे, मी दोन महिने उगाच…" म्हणत तो वळला आणि आप्पांना बघून तिथंच मोरीच्या कठड्यावर बसला.

आप्पांनी अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं, यार्डात दाखवायचे तसं. माल चांगला आहे.

---

मी हट्टानं मिरजेला गेले. गाडी करून, उशी पाठीला लावून, आप्पांच्या शेजारी बसून. आप्पांना व्यायामाच्या खोलीत नेल्यावर दिवाण मॅडमना मी दसऱ्याचं सगळं सांगितलं आणि म्हणाले, "ह्यापेक्षा मोठं मशीन मिळालं तर ह्याच आवाजातनं काही काढता येईल का?"

त्यांनी मान हलवली. "मशीनचा प्रश्न नाही हा. त्याला शिकायला मुळात आवाज पाहिजे. तुम्ही आधी घेतलेली रेकॉर्डिंग्ज आणा ना. मोबाइलवरची असली तरी चालतील."

"मोबाइलवरची चालतात?"

"चालतात की. मी ऑगस्टमध्येच सांगितलं होतं. शांत खोलीत बसवा, मोबाइल समोर ठेवा, रोज थोडं थोडं वाचून घ्या. कॉम्प्युटर काय, नंतर कधीही बघता आला असता. कुठलाही."

"कुणाला सांगितलं होतं?"

"तुमच्या आईंना," मॅडम म्हणाल्या. मग माझ्या पोटाकडं बघून म्हणाल्या, "बसा तुम्ही. पाणी घ्या."

घरी आलो. आप्पा आतल्या खोलीत पडले. आई मेथी निवडत बसली होती. मी समोर बसले, बसायला वेळ लागला. तिनं हात दिला, तो मी धरला नाही.

"मोबाइल चालतो म्हणून सांगितलं होतं मॅडमनी," मी म्हणाले. "तुला."

ती पानं खुडत राहिली.

"मोठा कॉम्प्युटर लागेल, असं त्या म्हणाल्याच नव्हत्या."

"नव्हत्या."

"आई, मिक्सर तू मुद्दाम लावलास?"

"हो."

मला किंचाळावंसं वाटलं. आत आप्पा होते म्हणून आवाज दाबून मी एवढंच म्हणाले, "का गं?"

तिनं जुडी खाली ठेवली. हातांना माती होती, ती पदराला पुसली. "तुझ्या बाळाचं अंगडं-टोपडं आणलंय का आपण?"

"त्याचा काय संबंध?"

"सांग की. आठवा संपत आला. बाळ येणार हे ठाऊक आहे. मग एक दुपटं तरी आणलं का तू? तुझ्या सासूनं आणलं? मी आणलं?"

"नाही."

"का नाही आणलं?"

आमच्याकडं आणत नाहीत. बाळ हातात आल्याशिवाय त्याच्या नावाचा चिंधीचा तुकडाही घरात येत नाही. मी इंजिनिअर नसले तरी शिकलेली आहे, पुण्यात राहते, आणि तरी दुकानाच्या काचेत टांगलेले इवलेसे मोजे बघून मी तशीच पुढं गेले होते. कुणी सांगायला लागलं नव्हतं.

"येणाऱ्याचं आपण आधी आणत नाही," आई म्हणाली. "मग जाणाऱ्याचं मी कसं आणू गं? समोर मोबाइल धरायचा आणि म्हणायचं, वाचा, तुमचं राहू दे आमच्याजवळ. माणूस माझ्यासमोर बसून भाकरी खातोय, आणि मी त्याचं पुढचं बांधून ठेवायला लागायचं? माझ्यानं होईना. मग मीच मोठा कॉम्प्युटर म्हणाले. वाटलं, तो यायला वेळ लागेल. संमेद म्हणाला नवा येतोय, थांबू या. मला एवढं बरं वाटलं त्या दिवशी. म्हटलं, ते मशीन येत नाही तोवर ह्यांना काही होत नाही."

"आणि आप्पांना फसवलंस."

"त्यांना?" आईनं माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. "त्यांच्यासमोरच सांगितलं होतं मॅडमनी. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले होते."

मला कळेना.

"येताना रिक्षात मी बाहेर तोंड करून बसले होते. घरात येऊन मी तुम्हाला म्हणाले, मोठा कॉम्प्युटर लागेल म्हणाल्या. ते मागंच उभे होते, चप्पल काढत. मी घाबरून बघितलं त्यांच्याकडं. तर म्हणाले, हो, चांगला मोठा लागेल म्हणाल्या." आईनं पुन्हा जुडी उचलली. "तेव्हा त्यांना सगळं नीट म्हणता येत होतं गं. सगळी अक्षरं."

---

दिवाळीनंतर मला मुलगी झाली. नाव चंदना. बारशाला आप्पांनी तिला मांडीवर घेतलं आणि कानाशी तोंड नेलं. जो आवाज निघाला तो ऐकून ती दचकली आणि रडायला लागली. त्यांनी चटकन तिला माझ्याकडं दिलं. पुन्हा त्यांनी तिच्याजवळ तोंड उघडलं नाही.

लॅपटॉप पडून होता. संमेदनं त्यात कंपनीचाच एक तयार आवाज घालून दिला. पुरुषाचा, मराठी, स्वच्छ, कुठल्याही गावचा नसलेला. आप्पा एका बोटानं टाइप करायचे आणि तो बोलायचा. पहिल्यांदा आप्पांनी लिहिलं, "चंदने, मी तुझा आजा हाय की गं." त्या आवाजानं ते बातम्या वाचल्यासारखं म्हटलं. आई उठून आत गेली.

पण चंदना रडायची थांबली. मान वळवून लॅपटॉपकडं बघायला लागली.

मग ते रोजचंच झालं. आप्पा टाइप करायचे, आवाज बोलायचा, चंदना लॅपटॉपला हसायची. आप्पा तिच्या नजरेच्या मागं मागं जायचे, आणि ती नजर मशीनवर जाऊन थांबायची. पुढं त्यांनी एक युक्ती काढली. लॅपटॉप पाठीमागच्या उशीआड ठेवायचे, वाक्य आधी लिहून ठेवायचे, हात मागं नेऊन बटण दाबायचे आणि आवाज बोलायला लागला की स्वतःचे ओठ हलवायचे. तिनं आपल्या तोंडाकडं बघावं म्हणून. ओठ मागं पडायचे, आवाज पुढं जायचा. तरी ती बघायला लागली. त्यांच्या गालाला हात लावायला लागली. मी दारात उभी राहून बघायची. आत जायचा धीर व्हायचा नाही.

चंदना दुडूदुडू पळायला लागली त्या उन्हाळ्यात आप्पा गेले. त्यांनी लिहून ठेवलेली वाक्यं लॅपटॉपमध्ये राहिली, आणि सांगलीला गेलो की चंदना बटण दाबून ती ऐकायची.

आता ती शाळेत जाते. मागच्या महिन्यात सांगलीला गेले होते, तेव्हा आईचं बँकेत काम होतं, म्हणून आम्ही तिघी गेलो. नवी शाखा, गार हवा, टोकन घेऊन खुर्च्यांवर बसायचं. चंदना पाय हलवत बसली होती. वरच्या स्पीकरमधनं टोकनचा नंबर आला आणि, कृपया काउंटर दोनवर यावे.

चंदनाचे पाय थांबले.

"आई," ती म्हणाली, "आजोबा!"

मी काही बोलायच्या आत पुढचा नंबर आला. तोच आवाज. स्वच्छ, कुठल्याही गावचा नसलेला. चंदना खुर्चीवर उभी राहून वर बघायला लागली. तिचा चेहरा असा उजळला होता की शेजारचे दोघं-तिघं तिच्याकडं बघून हसले. "आजी, ऐक ना! आपले आजोबा बोलताहेत!"

"नाही गं राणी," मी तिला खाली ओढत म्हणाले. "ते मशीन आहे. आजोबांचा आवाज असा नव्हता."

"मग कसा होता?"

मी सांगायला गेले. मार्केट यार्ड आठवलं. ढीग आठवले, टोपी आठवली, छाती भरून घेतलेला श्वास आठवला. त्यापुढं काही येईना. मी आईकडं बघितलं. तिच्याबरोबर तो आवाज चाळीस वर्षं एका घरात राहिला होता. ती सांगेल असं वाटलं.

आई मान खाली घालून हातातल्या टोकनची घडी घालत होती. उलगडत होती, परत घालत होती.

"नको रागावू तिला," ती हळूच म्हणाली. "मलाही आता हाच ऐकू येतो."

वरनं आमचा नंबर आला. चंदना टाळ्या वाजवायला लागली.